लांडग्याचा दर्जा उतरवून मेंढरं वाचतील?

मा. संपादक, स. न.

युरोपीय संघाने लांडग्याला ‘कठोर संरक्षित’ यादीतून काढून नुसत्या ‘संरक्षित’ यादीत बसवलं. डिसेंबर 2024 मध्ये बर्न कराराच्या (युरोपातल्या वन्यजीवांच्या संरक्षणाचा करार) बैठकीत ठराव झाला, मे 2025 मध्ये युरोपीय संसदेत 371 विरुद्ध 162 मतं पडली आणि जुलैपासून नवा नियम आला. तिकडच्या देशांना आता लांडग्याची शिकार खुली करणं सोपं झालं आहे. आपल्याकडे बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधून (सर्वात कडक संरक्षणाची यादी) दोनमध्ये टाकण्याची मागणी सुरू झाल्यापासून आमच्या इंदापूर भागातही ‘मग लांडग्याला तरी एकमध्ये कशाला ठेवायचं?’ असं ऐकू येतं आणि हाच युरोपचा दाखला पुढे केला जातो.

दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. युरोपीय आयोगाच्याच 2023 च्या अहवालाप्रमाणे तिथे सुमारे 20,300 लांडगे आहेत. ते वर्षाला साधारण 65,500 पाळीव जनावरं मारतात, त्यात बहुतेक शेळ्यामेंढ्या. पण तिथल्या एकूण मेंढ्या सहा कोटींच्या घरात. म्हणजे हजारात एकही जात नाही. स्लोव्हाकियात 2014 ते 2019 या काळात किती लांडगे मारले आणि किती जनावरं गेली याची अभ्यासकांनी सांगड घालून पाहिली. लांडगे मारल्याने नुकसान घटल्याचं दिसलं नाही. (आयोगाच्या अध्यक्षांचं लाडकं तट्टू 2022 मध्ये लांडग्याने मारलं होतं. निर्णयाशी त्याचा संबंध जोडणारे जोडतात, मी जोडत नाही.)

आपला लांडगा तर भारतभर मिळून तीन हजारांच्या आसपास उरला आहे. तो दाट जंगलात नव्हे, माळावर राहतो. तो माळ सरकारी कागदावर ‘पडीक’, म्हणून कधी कारखान्याला जातो, कधी सौर प्रकल्पाला, तर कधी त्यावर वनखातंच खड्डे खणून झाडं लावतं.

लांडगा माणसावर येतच नाही, असं मी म्हणणार नाही. 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांच्या हल्ल्यात लेकरं गेली. पण माणसाच्या जिवाला धोका असेल आणि तो प्राणी पकडता येत नसेल, तर अनुसूची एकमधल्या प्राण्यालाही मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक आजच देऊ शकतात. 1972 च्या याच वन्यजीव कायद्याच्या कलम 11 मध्येच ती सोय आहे. अनुसूची दोनमध्ये मात्र ‘मालमत्तेला धोका’ हेही कारण चालतं. माळावर राहणारा लांडगा कधी ना कधी मेंढीला तोंड लावणारच. म्हणजे प्रत्येक लांडगा धोकादायक ठरवता येईल.

ज्याचं कोकरू गेलं त्याच्यापुढे टक्केवारी वाचण्यात अर्थ नाही, हे मेंढपाळाच्या घरात वाढल्याने मला ठाऊक आहे. आमच्या आजोबांकडे रात्री कळपाभोवती वाघर, म्हणजे जाळी, लागायची; दोन कुत्री आणि आळीपाळीने जागणारी माणसं असायची. आता जागायला माणसं नाहीत. पोरं शहरात कामाला गेली.

माझा चुलतभाऊ दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतो. मागच्या खेपेला वाटेत त्याच्या दोन मेंढ्या लांडग्याने नेल्या. त्याने त्या भागातल्या वनखात्याच्या कार्यालयात कळवलं. उद्या येतो, म्हणाले. तो दोन दिवस थांबला. चारा संपला, ज्याच्या रानात मेंढरं बसवली होती त्या शेतकऱ्याला पेरायचं होतं. तिसऱ्या दिवशी वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, हलला. पंचनामा झाला नाही, म्हणून भरपाईही नाही. पुढच्या खेपेला असं झालं तर तो कुणाला कळवायला जाईल असं वाटत नाही, आणि वैतागून लांडग्याला विष घालणाऱ्याला अनुसूची एक काय नि दोन काय!

तेव्हा सरकारला काही बदलायचंच असेल तर पंचनाम्याची रीत बदलावी. फिरत्या मेंढपाळाने जागेवरून मोबाइलने काढलेला फोटो ग्राह्य धरावा, कळप पुढे जिथे पोचेल तिथल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज घ्यावा आणि पैसे थेट खात्यावर टाकावेत. आषाढात कळप परत येतात. त्याआधी हे झालं तर बरं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. इंदापूर, जि. पुणे