शिफारसपत्रांबाबत स्मरण
सर्व मार्गदर्शकांनो, अमेरिकेतल्या बायोमेडिकल पीएचडीचे बरेच अर्ज १ डिसेंबरच्या आसपास बंद होतात आणि शिफारसपत्रं साधारण ३ लागतात. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं पत्र मागायला बिचकतात, तेव्हा विषय आपणच काढा. पत्रात नुसतं ‘मेहनती, नम्र’ नको (ते सगळेच लिहितात). उदाहरणार्थ, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायची चाचणी) पट्टी उमटेना, तेव्हा विद्यार्थिनीने कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) लावून चूक कशी हुडकली, ते लिहा.

मुलांना हेही सांगा: आधी मास्टर्स असायलाच हवं असं नाही. बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क भरावं लागत नाही, वर स्टायपेंड मिळतो. अर्जाची फीसुद्धा अनेक विद्यापीठं विनंती केल्यास माफ करतात. मुलांच्या अर्जातल्या निबंधांचे मसुदे १० नोव्हेंबरपर्यंत गटात टाका. आदल्या रात्री आलेला मसुदा नीट वाचून होत नाही.