झेंडू पाहायला बँकॉकला

आर्वी, जि. वर्धा
महाशिवरात्र, २६ फेब्रुवारी २०२५

प्रिय बंडू,

तुझे मेसेज मिळाले. सगळ्यांत एकच प्रश्न, "काय काय केलं सांग ना बे", आणि पुढे तो डोळा मारणारा पिवळा चेहरा. बसस्टँडवर, कृषी केंद्रात, कटिंगच्या दुकानात माणसं हुबेहूब तसंच तोंड करून विचारतात. फोनच केला असता, पण घरात बँकॉकचं नाव निघालं की स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजतात. आज उपास आहे, तूर काढून घरात येऊन पडली आहे, हाताला काम नाही. म्हणून सवडीनं लिहितो.

आम्ही निघालो तो मुहूर्तच पाहा. अख्खा तालुका कुंभाला चाललेला. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांना भगवे झेंडे, घराघरात प्रयागराजच्या बॅगा भरणं सुरू, आणि आम्ही पाच जण बँकॉकला. बायको म्हणाली, "लोकं पापं धुवाले चालले, अन् तुम्ही...?" पुढचं बोलायची तिला गरजच वाटली नाही. सरपंचाच्या आईनं त्याला गजानन महाराजांच्या फोटोपुढे उभं करून शपथ घ्यायला लावली. कशाची, ते ती सांगेना आणि हा विचारेना.

अमरावतीच्या होस्टेलच्या गच्चीवर ठरलेली ही ट्रिप. किती वेळा रद्द झाली ते तुला माहीतच आहे. कोणाचं लग्न, कोणाचा बाप दवाखान्यात, कधी बोंडअळी, कधी निवडणूक. यंदा तुझी रजा अडली, तरी सरपंच म्हणाला, आता थांबलो तर थेट चौघांच्या खांद्यावरच निघू. माजी झाला तरी आपल्याला तो सरपंचच. बाकी मास्तर, माळकरी महाराज, मेडिकलवाला डॉक्टर आणि मी.

प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही. नागपूरहून कलकत्ता, तिथून अडीच तासांत बँकॉक. व्हिसा लागला नाही, घड्याळ दीड तास पुढे केलं, झालं. एजंटनं प्रोग्रॅमचा कागद दिला होता, त्यात प्राण्यांचा शो, माशांचा शो आणि दोन वेळा दागिन्यांचं दुकान होतं. सरपंचानं तो कागद वाचला, घडी घातली आणि त्यावर जवसाच्या चटणीचा डबा ठेवला. राजवाड्याच्या बाहेर एक रिक्षावाला गोड बोलून सांगत होता की आज वाडा बंद आहे, चला दुसरीकडे नेतो. सरपंचाला थाई येत नाही, इंग्रजी जेमतेम, पण त्या माणसाचं हसणं पाहूनच म्हणाला, "हा आपल्या लाइनीतला हाये. चला, वाडा उघडा हाये." आणि होताच.

मला आधी आवडली ती नदी. चाओ फ्राया. नारंगी झेंड्याची बोट पकडायची आणि कुठेही उतरायचं, आम्ही गेलो तेव्हा सोळा बाट, म्हणजे आपले चाळीस रुपये. तिकीटवाली बाई हातातला लांबट पत्र्याचा डबा खडखडवत गर्दीतून येते. चिल्लर त्यात, तिकिटांचा रोलही त्यात, आणि डब्याच्या झाकणानंच ती तिकीट चिमटून फाडते. आपल्या एसटीतल्या जुन्या कंडक्टरचा चिमटा असाच वाजायचा. मागच्या टोकाला उभा असलेला पोरगा शिट्टी मारतो आणि त्या शिट्टीवर चालवणारा बोट धक्क्याला लावतो. बोट थांबते न थांबते तोच उडी मारायची. भिक्खूंसाठी उभं राहायची जागा वेगळी राखलेली. महाराजाला कुंभ चुकल्याची टोचणी होतीच. धक्क्यावर वाकून त्यानं नदीचं पाणी डोक्याला लावलं, म्हणाला, "पानी सारं एकच." डॉक्टरनं लगेच खिशातलं सॅनिटायझर काढून दिलं.

वाट फो नावाच्या देवळातला झोपलेला बुद्ध शेहेचाळीस मीटर लांब आणि पंधरा मीटर उंच आहे. आकडा ऐकून काही कळत नाही. देवळात शिरलं की समोर नुसती सोन्याची भिंत दिसते, आणि मग लक्षात येतं की हा दंड आहे. मास्तरची आई १९५६ साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेली होती, त्या गर्दीतलं तिला आजही आठवतं. मास्तरनं तिथूनच तिला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल धरून डोक्याकडून पायाकडे चालायला लागला. थोड्या वेळानं तिकडून आवाज, "काहून रे, अजून सरलाच नाई का?" तळव्यांवर शिंपल्याच्या चमकत्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं काढली आहेत. म्हातारी म्हणे, पायापाशीच थांब. हा थांबला. मागे रांग खोळंबली होती, पण तिथल्या शिपायानं मोबाइलमधली म्हातारी पाहिली आणि लोकांना बाजूनं काढून दिलं. पाठीमागच्या भिंतीशी १०८ काशाची भांडी मांडलेली असतात, लोक एकेकात नाणं टाकत जातात. तो टिणटिण आवाज तिला फार आवडला. "कोन वाजवून राह्यलं?" असं विचारत होती.

महाराजाची मात्र राजवाड्यात पंचाईत झाली. तिथल्या राजांना राम पहिला, राम दुसरा असं म्हणतात, सध्याचा दहावा. वाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती लांबच लांब ओवऱ्या आहेत आणि त्यांत अख्खं रामायण, १७८ चित्रं. महाराज खूश. पांढराशुभ्र हनुमान पाहून त्यानं कान पकडले. तेवढ्यात मास्तरनं मोबाइलवर वाचून दाखवलं की यांच्या रामायणात मारुती ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या असलेली पोर आडवी आली, तिच्यावर त्याचा जीव जडला आणि त्यांना पोरगाही झाला. महाराज बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाला, "परदेशात गेल्यावर मानूस बदलते बाप्पा." यानंतर आम्हाला कोणी नावं ठेवायची सोयच राहिली नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. हो, गेलो होतो त्या गल्लीत. डॉक्टरचं म्हणणं असं, की नाही गेलो तरी लोक म्हणणार गेलेच होते, मग पाहून का येऊ नये? यावर मास्तरकडेही उत्तर नव्हतं. सुखुमवित रस्त्याला लागून एक आखूड गल्ली आहे, दोन्ही बाजूंना गुलाबी-निळे दिवे. एक जण कार्ड घेऊन आला आणि "नमस्ते" म्हणाला, महाराजानं त्याला "राम कृष्ण हरी" म्हटलं. दारात स्टुलावर बायका बसलेल्या, बहुतेक जणी मोबाइलमध्ये, एक डबा उघडून घाईघाईनं भात खात होती. मास्तर म्हणाला, "दमलेल्या दिसून राह्यल्या रे." मग कोणाचाच पाय पुढे पडेना. कोपऱ्यावर शहाळ्याचं पाणी प्यालो आणि खोलीवर येऊन पत्ते खेळलो. मजा आली असं म्हणणार नाही, शरम वाटली असंही नाही. पाहायचं होतं, पाहिलं.

डॉक्टरच्या नशिबाचा दुसरा फटका दुसऱ्या दिवशी. थंड बिअर घ्यायला दुकानात गेला तर फ्रीजला साखळी. त्या दिवशी माघ पौर्णिमा, त्यांचा मोठा सण, दारूविक्री बंद. बुद्धाच्या दर्शनाला १२५० भिक्खू कोणी न बोलावता, न ठरवता एकाच दिवशी जमले, त्याची ही आठवण, असं मास्तरनं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "साडेबाराशे न ठरवता जमले, अन् आपन पाच ठरवून ठरवून म्हातारे झालो." संध्याकाळी हॉटेलजवळच्या साध्या विहारात गेलो. माणसं हातात कमळाची कळी, मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या घेऊन देवळाला तीन प्रदक्षिणा घालत होती. ऑफिसच्या गणवेशातल्या मुली, कडेवर लेकरं घेतलेले बाप, एक पोलीस. एका आजीनं आम्हा पाचांनाही कळ्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. मास्तर पुढे, आम्ही मागे. त्याच दिवशी आपलं अर्धं गाव प्रयागला माघी पौर्णिमेची डुबकी मारत होतं. मास्तर रात्रभर फार बोलला नाही, आणि आम्हीही त्याला छेडलं नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. त्याच रात्री, दोनच्या सुमारास, मी सगळ्यांना उठवून फुलांच्या बाजाराला नेलं. पाक ख्लोंग तलात नाव, नदीच्या काठालाच, चोवीस तास चालतो, पण खरी गर्दी मध्यरात्रीनंतर. शिव्या खाल्ल्या मी. पण टॅक्सीतून उतरलो आणि डॉक्टरसुद्धा चूप. बंडू, रस्ताभर झेंडू! आपला पिवळा, केशरी झेंडू, पण पोत्यात कोंबलेला नाही. देठ तळाशी छाटलेलं, फूल घट्ट, लहान-मध्यम-मोठं असं निवडून पारदर्शक पिशव्यांत रचलेलं. एक पिशवी उचलून मी फुलं चाचपली, एकसुद्धा दबलेलं नव्हतं. पलीकडे मोगऱ्याच्या कळ्यांवर बर्फाचा चुरा. एक बाई कमळाच्या कळीच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडत होती, बोटं यंत्रासारखी, नजर मात्र टीव्हीवर. शेजारी हातभर लांबीच्या सुईत हार ओवणं सुरू. महाराज अचानक ओरडला, "अबे, हे तं रुई!" खरंच रुईची फुलं. आपण बांधावरून तोडून मारुतीला वाहतो तीच. तिथं त्यांचा वरचा पांढरा मुकुट तेवढा काढून हारात मोगऱ्यासोबत ओवतात. आपल्या वावराच्या धुऱ्यावर फुकट उगवणाऱ्या त्या झुडपाची फुलं तिथं पिशवीत भरून विकायला. महाराजाचा मत्स्यकन्येवरचा राग तिथं बराच निवळला.

मागच्या दसऱ्याचं तुला सांगितलं होतं. सकाळी बरा भाव, दुपारी पडला, संध्याकाळी गाडीभाडं निघेना म्हणून लोकांनी माल रस्त्याच्या कडेला ओतला. आपल्या झेंडूचं सगळं गणित दसरा, दिवाळी आणि लग्नसराईवर. तिथं सण नसतानाही फूल लागतं. घरासमोर, दुकानासमोर, बँकेसमोर खांबावर छोटं देऊळ असतं, त्याला ताजी माळ. टॅक्सीच्या आरशाला माळ, बोटीच्या नाकाला माळ. राचाप्रसोंग चौकात ब्रह्मदेव आहे, १९५६ साली एका हॉटेलचं बांधकाम सारखं अडत होतं म्हणून बसवलेला. आपल्याकडे बिचाऱ्याला देऊळ सापडणं कठीण, तिथं तो झेंडूत बुडालेला. दर मी विचारला, पण एका रात्रीच्या दरावरून काही सांगू नये. मला हेवा वाटला तो रोजच्या मागणीचा.

सरपंचानं मोबाइलमधल्या भाषांतरावर एका झेंडूवालीशी गप्पा जमवल्या आणि "हा पन झेंडूवाला" म्हणून मला पुढे ढकललं. मी आपल्या वावराचा फोटो दाखवला, ऐन बहरातला, तुला पाठवला होता तोच. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, बारकाईनं पाहिला आणि काहीतरी बोलली. मोबाइल म्हणाला, "झाडे खूप जवळ आहेत." बरोबरचे चौघे असे हसले की आजूबाजूचे गाळे वळून पाहायला लागले. मी म्हटलं, बाई, अर्धा एकर आहे, घरात माणसं आठ, मी कुठं लांब लावू? हे मोबाइलनं तिला काय सांगितलं देव जाणे, पण ती उठली, एका फांदीवर बोटं चालवून शेंडा खुडल्याची खूण केली आणि दोन्ही हात बाजूला पसरले. म्हणजे शेंडा खुड, फुटवे वाढव, झाडाला पसरू दे. आपले कृषी सहायक तेच सांगतात, पण ते सांगतात तेव्हा माणूस चहा पीत असतो. यंदा मी दोन ओळींत दोन फूट ठेवणार आहे आणि महिनाभरानं शेंडे खुडणार आहे. फुलं निवडून वेगवेगळ्या क्रेटमध्ये भरायची, पोतं बंद. भाव मिळो न मिळो, करून पाहतो.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय पाह्यलं मंग?" मी खरं ते सांगितलं, झेंडू पाह्यला. ती म्हणाली, "घरी काय कमी होता?" तेव्हापासून गावातही मी हेच सांगतो, आणि लोक आणखीच मोठ्यानं हसतात.

जेवणाचं एवढंच, की कच्च्या पपईची ती कुटलेली कोशिंबीर मागताना तिखट नको म्हणून आधीच सांग. भिवापुरी मिरचीच्या गप्पा मारणारा सरपंच दोन घासांत घामानं ओला झाला होता. आणि महाराजासारखा कोणी सोबत असेल तर पाहुरातला, आपल्या लोकांच्या वस्तीत जेव. बाकीकडे भाजीतही माशाचं पाणी असतं.

पुढच्या वर्षी महाराज काठमांडू म्हणतो, पशुपतिनाथ होईल आणि पासपोर्टही लागत नाही. सरपंचाला व्हिएतनाम पाहिजे. तू रजेचा अर्ज आत्ताच देऊन ठेव. यावेळचा हिशोब मास्तरकडे आहे, तुझे ॲडव्हान्सचे पैसे तो गुढीपाडव्याआधी पाठवेल. आईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. हे पत्र वहिनींना खुशाल वाचू दे. डॉक्टरच्या बायकोलाही झेरॉक्स हवी आहे. तिला गल्लीचं पान वगळून देतो आहे, तेव्हा दोघींचं फोनवर बोलणं झालं तर तुझ्याकडची बाजू तू सांभाळ.