रापा नुईला दोन रात्री पुरत नाहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घरी सध्या रापा नुईच्या, म्हणजे नकाशातल्या ईस्टर आयलंडच्या प्रवासाची आखणी चालू आहे. त्यासाठी एका पर्यटन कंपनीचे माहितीपत्रक मागवले. दक्षिण अमेरिकेच्या लांबलचक सहलीच्या शेपटाला हे बेट 'दोन रात्री, तीन दिवस' असे जोडलेले आहे आणि वर एक ओळ छापली आहे : 'झाडे तोडून स्वतःचाच नाश ओढवून घेतलेल्या लोकांचे रहस्यमय बेट'. मी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. ती ओळ वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र. ते वेळापत्रक आणि ती ओळ एकाच समजुतीतून आली आहेत : तिथे फक्त दगडाचे पुतळे आहेत, माणसे नाहीत.

माणसे आहेत. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटरवर, जेमतेम १६४ चौरस किलोमीटरच्या या बेटावर हांगा रोआ नावाचे एकच गाव आहे आणि ज्यांनी हे पुतळे, म्हणजे मोआई, घडवले त्यांचेच वंशज त्या गावात राहतात. १९९५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा कारभारही आता 'माऊ हेनुआ' ही त्यांचीच संस्था पाहते. आपण तिकीट काढतो ते त्यांच्याकडून.

आता नाशाविषयी. बेटावरची ताडाची जंगले गेली, हे खरे. तोड झाली, आगी लावल्या गेल्या, माणसांबरोबर आलेल्या उंदरांनी बिया खाल्ल्या. पण त्यामुळे समाज कोसळला, ही गोष्ट आता टिकत नाही. 'नेचर' या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेटावरच्या १५ पूर्वजांच्या अवशेषांतील डीएनए तपासला गेला. सतराव्या शतकात लोकसंख्या एकाएकी घसरल्याची खूण त्यात सापडली नाही. घसरण झाली ती पुढे, आणि तिचे कारण बाहेरून आले. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या जहाजांनी सुमारे दीड हजार माणसे गुलाम म्हणून धरून नेली. जी थोडी परत आली त्यांच्याबरोबर देवीचा रोग आला. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसे उरली होती. चिलीने १८८८ मध्ये बेट ताब्यात घेतल्यावर बहुतेक जमीन मेंढ्यांच्या कुरणासाठी दिली गेली आणि माणसांना हांगा रोआच्या कुंपणाआड ठेवले. या लोकांनी स्वतःचा नाश केला असे छापणे म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच दोषी ठरवणे होय.

हे वाचत गेले तसतशी आमची आखणीही बदलत गेली. पहिला दिवस आम्ही हांगा रोआच्या संग्रहालयासाठी ठेवला आहे. अनाकेनाच्या किनाऱ्यावर १९७८ मध्ये मोआईचा पोवळ्याचा डोळा सापडला, तो तिथे आहे. मोआई आंधळे नव्हते, आहूवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर, उभे केल्यावर त्यांना डोळे बसवत असत, हे आधी पाहून मग पुतळ्यांसमोर उभे राहावे, असे मला वाटते.

रानो राराकू ही खाण मात्र सावकाश पाहायला हवी. बेटावरचे जवळजवळ सगळे मोआई याच ज्वालामुखीच्या कुशीतल्या मऊ खडकातून कोरले गेले आणि चारशेच्या आसपास अजून तिथेच आहेत. कुणाचा नुसता चेहरा झाला आहे, कुणाची पाठ डोंगरापासून सुटायची राहिली आहे. एक तर २१ मीटर लांबीचा, उठवलाच न गेलेला. उतारावर जी नुसती डोकी दिसतात त्यांची धडे शतकानुशतके साचलेल्या मातीखाली आहेत. तिथूनच समोर समुद्राकाठी तोंगारीकीचे पंधरा मोआई दिसतात. १९६० च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने ते आत फेकले होते. जपानी क्रेनच्या मदतीने १९९२ ते १९९६ या काळात ते पुन्हा उभे राहिले. हे पुतळे खाणीतून इतक्या लांब गेले कसे, असे विचारले की बेटावरचे लोक सांगत आले आहेत : ते चालत गेले. टेरी हंट आणि कार्ल लिपो या संशोधकांनी २०१२ मध्ये चार टनांहून जड प्रतिकृतीला दोर बांधून, १८ माणसांच्या जोरावर, डावीकडे-उजवीकडे झुलवत ती खरोखर 'चालवून' दाखवली. पूर्वजांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला असता तर हे किती आधी सुचले असते!

आता नियम. उद्यानाचे तिकीट दहा दिवस चालते, पण रानो राराकू आणि ओरोंगो या दोन ठिकाणी त्यावर एकदाच प्रवेश मिळतो. बहुतेक स्थळी स्थानिक मान्यताप्राप्त वाटाड्याशिवाय जाता येत नाही. माहितीपत्रकात या दोन्हींचा उल्लेख नाही. ज्या खाणीत एकदाच जाता येते तिथे भर दुपारी, बस उभी ठेवून, अर्ध्या तासात फिरवून आणणार असतील तर पैसे भरणाऱ्याला ते आधी कळायला हवे. शिवाय २०१८ पासून पर्यटकाला तीस दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही; विमानात बसण्यापूर्वी परतीचे तिकीट, नोंदणीकृत निवासाचे आरक्षण आणि ऑनलाइन भरलेला अर्ज लागतो. सांतियागोहून विमानाला पाच-साडेपाच तास लागतात. इतक्या लांब जाऊन किमान पाच रात्री तरी राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओरोंगोला रानो काऊ या ज्वालामुखीच्या कड्यावर दगडी घरे आहेत. समोरच्या मोतू नुई या खडकाळ बेटावर पोहत जाऊन पक्ष्याचे पहिले अंडे आणण्याची स्पर्धा इथे होत असे. जिंकणाऱ्याचा प्रमुख वर्षभरासाठी 'पक्षीमानव' ठरे. इथलाच एक देखणा मोआई १८६८ मध्ये इंग्रज जहाजाने नेला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बेटावरचे लोक तो परत मागत आहेत. ओरोंगोला जाणाऱ्याने ही रिकामी जागाही पाहावी.

नणंदबाईंना तापाती उत्सवाच्या दिवसांत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जायचे आहे. त्या वेळी खोल्या मिळणे कठीण, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी आरक्षण वर्षभर आधी करू म्हटले. मला ते पटले, कारण त्या उत्सवात तरुण मुले केळीच्या बुंध्यांवर बसून डोंगरउतारावरून भरधाव घसरत येतात ते पाहिल्यावर 'नष्ट झालेले लोक' कुणी म्हणणार नाही.

एक कळकळीची विनंती जाणाऱ्यांना. आहूच्या चौथऱ्यावर पाय ठेवू नये, मोआईला हात लावू नये. त्या चौथऱ्यांत पूर्वजांच्या अस्थी आहेत. २००८ मध्ये एका पर्यटकाने मोआईच्या कानाचा तुकडा तोडला. त्याला मोठा दंड झाला, पण कान पुन्हा जुळणार नव्हता.

आणि एक विनंती आपल्याला. प्रवासाच्या पानावर अशा बेटांची माहिती येते तेव्हा प्रवेशाचे नियम चौकटीत द्यावेत आणि इतिहास १७२२ मध्ये डच जहाज आले तिथेच न थांबवता १८६२, १८७७, १८८८ ही सालेही छापावीत. पर्यटन कंपन्या आपल्याच पानांवर जाहिराती देतात. त्यांच्याही वाचनात ते येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इतिहास-शिक्षिका