नील्स, त्याची बायको आणि तुमचा वाद

बर्गन, नॉर्वे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तुमचं दोघांचं असं जुंपलं की मला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही. हिवाळ्यात इथे आलात तेव्हा पाहिलेला 'इन ऑर्डर ऑफ डिसअपिअरन्स' हा नॉर्वेजियन सिनेमा अजून तुमच्या डोक्यातून गेलेला नाही, याचा मला खरं तर आनंद झाला. पण बाबा, शेवटी तुम्ही "जाऊ दे, सिनेमाच तर आहे" म्हणून फोन ठेवून दिलात, ते मला आवडलं नाही. म्हणून हे पत्र.

तुम्हाला त्यातला बर्फगाडीवाला नायक नील्स आवडणार हे मला ठाऊकच होतं. कुंभार्ली घाटात उभं आयुष्य एसटी चालवलीत तुम्ही. बर्फ बाजूला लोटत जाणारा तो अजस्र ट्रक पडद्यावर आला आणि तुम्ही खुर्चीत पुढे सरकून बसलात. "हा माणूस रोज पहाटे उठून लोकांची वाट मोकळी करतो, त्याला वाईट कसं म्हणायचं?" हे तुमचं म्हणणं इथल्या माणसांनाही पटेल. हार्डांगरविड्डाच्या पठारावरचा सात नंबरचा रस्ता हिवाळ्यात वारं सुटलं की बंद करतात, नाहीतर फाटकापाशी गाड्या जमवून एका रांगेत सोडतात. सगळ्यांत पुढे बर्फ काढणारी गाडी आणि मागे आपण सगळे. रस्त्याची कड कळावी म्हणून दोन्ही बाजूंना उंच काठ्या रोवलेल्या असतात. वादळात त्याही दिसेनाशा झाल्या की पुढच्या गाडीचे लाल दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, एवढंच हातात उरतं. मी तशी गेलेय, बाबा. त्या वेळी पुढच्या ड्रायव्हरवर किती भरवसा टाकलेला असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नील्सला त्याच्या गावाने 'वर्षाचा नागरिक' म्हणून गौरवलं ते उगाच नाही.

त्यात तो स्वीडनहून आलेला, म्हणजे बाहेरचाच. 'आमच्यात छान मिसळून गेलेला बाहेरचा' हे कौतुक मीही इथे ऐकते. ते मनापासून केलेलं असतं, आणि तरीही आपल्याला कोणीतरी सतत तपासतंय असं वाटत राहतं. तो सत्काराचा प्रसंग बघताना मला नील्स फार जवळचा वाटला. स्टेलान स्कार्शगोर्ड किती कमी बोलून ते दाखवतो!

पण मग तो माणसं मारत सुटतो. मुलाला अमली पदार्थांच्या टोळीने मारलं, पोलिसांनी 'जास्त नशा केली' म्हणून प्रकरण मिटवलं, हे सगळं खरं. तरी एकेकाला गाठून मारायचं, जाळीत गुंडाळायचं आणि धबधब्यात सोडून द्यायचं? तुम्ही म्हणालात, बापाचं काळीज आहे ते. माझ्या ऑफिसात या सिनेमावर बोलणं निघालं तेव्हा एक नॉर्वेजियन सहकारी अगदी उलट म्हणाला. त्याच्या मते इथे नील्सचं कौतुक नाहीच. आपण किती सुसंस्कृत, आपले तुरुंग किती माणुसकीचे, या नॉर्वेच्या समाधानाची दिग्दर्शक हान्स पेटर मोलान फिरकी घेतोय. टोळीचा म्होरक्या बघा ना, मांस-दूध वर्ज्य, मुलाच्या खाण्यापिण्यावरून घटस्फोटित बायकोशी भांडतो आणि बाहेर खून पाडतो. दुसऱ्या एका मैत्रिणीला सर्बियन गुंडांचं चित्रण खटकलं होतं, पण त्यांचा म्हातारा प्रमुख झालेल्या ब्रुनो गांझबद्दल ती हळवी होऊन बोलली. त्याचाही मुलगा मारला जातो. दोन बाप, दोघांचे मुलगे गेलेले, आणि दोघांनाही बंदुकीपलीकडे काही सुचत नाही.

मोलाननेच २०१९मध्ये हीच गोष्ट अमेरिकेत लिअम नीसनला घेऊन पुन्हा केली. मला मूळ सिनेमाच जास्त भावतो. नीसन हाणामारी करणार हे आपण धरूनच चालतो. साठी ओलांडलेला स्कार्शगोर्ड करतो तेव्हा पोटात गोळा येतो.

आई, आता तुझं. तू सबटायटल वाचून बाबांना मराठीत सांगत होतीस, त्यामुळे शब्दन् शब्द तुझ्या तोंडून गेला. शवागारातल्या प्रसंगात मात्र तू गप्प झालीस. मुलाचा मृतदेह ठेवलेलं ते टेबल खाली असतं, आणि कर्मचारी ते वर उचलायला लागतो. कर्र कर्र आवाज करत ते इंचाइंचाने वर येतं. आई-बाप समोर उभे. लोक या जागी हसतात, मीही पहिल्यांदा हसले होते, कारण ते थांबतच नाही. तू हसली नाहीस. आणि शेवटी तो पॅराग्लायडरवाला बर्फाच्या यंत्रात सापडला, बाबा खो खो हसले, तेव्हा तू उठून स्वयंपाकघरात गेलीस.

रविवारी तू म्हणालीस, "एवढे गुंड मेले, प्रत्येकाच्या नावाची पाटी लागली, धर्माची खूणसुद्धा लागली. त्या बाईचं पुढे काय झालं ते कोणी सांगितलं का?" आई, या सिनेमाबद्दल मी पुष्कळ मतं ऐकली, वाचली, इतकं नेमकं कोणीच बोललं नाही. नील्सची बायको गुद्रून मुलाच्या दुःखात कोलमडते, नवरा तोंडातून शब्द काढत नाही, ती घर सोडते आणि सिनेमा तिला विसरतो. मेलेल्या प्रत्येक गुंडाला काळ्या पडद्यावर क्षणभर मान मिळतो, ही मोलानची कल्पना मला फार मोलाची वाटते. माणूस कसाही असो, कोणीतरी गेलं, हे तो विसरू देत नाही. म्हणूनच गुद्रूनला वाऱ्यावर सोडणं जास्त लागतं. बाबा, इथे मी पूर्णपणे आईच्या बाजूने आहे.

आणि तुमचा वाद फक्त सिनेमाचा नाही, हे आपल्या तिघांनाही कळतंय. काका गेले तेव्हा तुम्ही दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलात. आईने ते मला अनेकदा सांगितलंय, तक्रार म्हणून नाही, तिला अजून उमगलेलं नाही म्हणून. तुम्हाला गाडीत बसल्यावर बरं वाटलं असणार, मी समजू शकते. पण आई त्या दिवशी घरी एकटी होती, आणि काकांवर तिचाही जीव होता. तुम्ही त्याबद्दल तिच्याशी कधी बोलला नाहीत. माझ्याशीही नाही. नील्स बर्फाच्या गाडीत चढला की मला तुम्ही दिसता, बाबा, आणि माझा जीव तुटतो. तुम्ही बोलावं असं मला फार वाटतं. पूर्वीच वाटायचं, सांगायचं धाडस नव्हतं.

मार्चमध्ये मी येतेय. आल्यावर गुहागरला जाऊ या, काकूकडे. तुम्ही काका गेल्यापासून त्या घरात पाऊल ठेवलेलं नाही. आपण तिघं जाऊ, एक दिवस राहू. आई, काकूला आधी कळवून ठेव, म्हणजे ती उगाच खाण्याचा घाट घालणार नाही. बाबा, नको म्हणायचं असेल तर मला फोनवर म्हणा, आईकडे निरोप देऊ नका.

तुमची,
मनू