नवदुर्गा पायी दर्शन : सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी आपण नेहमीप्रमाणे कोल्हापुरातल्या नवदुर्गांच्या, म्हणजे नऊ देवींच्या, दर्शनाला पायी निघणार आहोत. पहाटे साडेपाचला भवानी मंडपात जमायचं. आई अंबाबाईचं दर्शन देवळाच्या महाद्वारातून कळसाला हात जोडूनच घ्यायचं. नवरात्रातल्या रांगेत शिरलात तर फेरी तिथंच संपली म्हणून समजा.

आझाद गल्लीतली एकवीरा, साठमारीजवळची मुक्तांबिका आणि जयप्रभा स्टुडिओजवळची पद्मावती करून शिवाजी पेठेत यायचं. फिरंगाईला पीठ-मीठ वाहायचं असतं, ते प्रत्येकानं घरूनच पुडीत बांधून आणा. दारात शोधाशोध नको. पुढं महाकाली आणि वरुणतीर्थाजवळची कमलांबा. हे वरुणतीर्थ म्हणजे आजचं गांधी मैदान, तिथं पूर्वी तळं होतं. पोरांना हे आवर्जून सांगा, त्यांना ते फक्त सभेचं मैदान वाटतं. बाकीच्या देवी वाटेवरच्या क्रमानं होतील.

काही देवळं गल्लीत, घरांना खेटून आहेत. तिथं ढोल, घोषणा नकोत. लोक झोपलेले असतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओटी आणू नका.

ललिता पंचमीला कुणी फेरी ठेवा म्हणू नये. त्या दिवशी अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या भेटीला टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कोहळा फुटतो, सगळं गाव तिकडंच असतं. अष्टमीच्या रात्री देवीची नगरप्रदक्षिणा असते, त्यामुळं तोही दिवस नको.

गुडघे दुखणाऱ्यांनी शिवाजी पेठेत थेट फिरंगाईपाशी यावं, लाजू नये. नाव उद्या संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका, म्हणजे शेवटी मिसळ किती जणांची सांगायची ते कळेल. उपवासवाल्यांसाठी खिचडी आहे.