गेजची पुढची वर्षंही छापा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत जगावेगळ्या माणसांच्या खऱ्या हकिगती येतात, त्या मी नेमाने वाचते. गेल्या रविवारी फिनिअस गेजवर चौकट होती. डोक्यातून पहार आरपार गेली, माणूस जगला, पण शिवराळ आणि लहरी झाला, कामातून गेला. इथेच ती संपली. या शेवटाला माझी हरकत आहे.

अपघात घडला तो तसाच. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं कॅव्हेंडिश. रेल्वेसाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा गेज मुकादम होता, वय २५. सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोंची पहार डाव्या गालाच्या हाडाखालून शिरून माथ्यातून बाहेर पडली. थोड्याच वेळात तो बोलू लागला आणि बैलगाडीत ताठ बसून मुक्कामी गेला. त्याचा स्वभाव बदलला, जुन्या मालकांनी त्याला पुन्हा मुकादमी दिली नाही, हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनीच १८६८ साली लिहून ठेवलं आहे.

पण त्याच लेखात गेजच्या आईने सांगितलेली पुढची हकिगतही आहे. १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि तिथे अनेक वर्षं वालपराइसो-सान्तियागो मार्गावर प्रवासी घोडागाडी हाकत होता. अनेकदा सहा घोडे जुंपलेली गाडी! परका मुलुख, परकी भाषा, गाडीत उतारू, हातात लगाम. कामातून गेलेल्या माणसाला हे जमेल? मॅल्कम मॅकमिलन या अभ्यासकाने तर असं मांडलं की ठरलेल्या वेळा आणि ठरलेला क्रम असलेल्या या कामानेच गेज बराचसा सावरला असावा. पुढे त्याला झटके येऊ लागले आणि मे १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्को इथे तो वारला.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगते. माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याला अपघातात जबर मार लागला. तेव्हापासून भेटायला येणारे हीच गोष्ट ऐकवतात, तीही त्याच्यासमोर. तो चिडतो, एकदम वाटेल ते बोलतो, हे खरंच आहे. पण दिवसाची कामं कागदावर ओळीने लिहून दिली की एकेक उरकून तो त्यावर रेघ मारतो. मध्येच कुणी क्रम बदलला की मात्र सगळं बिनसतं. हल्ली तो कागद तो स्वतःच लिहितो. त्याला ‘संपला’ म्हणणाऱ्यांना मी चिलीची घोडागाडी सांगते, तर ते म्हणतात, हे आम्ही कुठे वाचलं नाही.

ज्युलियान कोपकेचंही असंच. १९७१ साली विमान फुटून ती पेरू देशातल्या जंगलात पडली आणि जगली, हे सगळे छापतात. पुढे ती प्राणिशास्त्रज्ञ झाली, त्याच देशात परत जाऊन वटवाघळांचा अभ्यास केला, हे क्वचितच येतं.

गेजचा एक जुना फोटो २००९ साली ओळखला गेला. नीटनेटका पोशाख, डावा डोळा मिटलेला, हातात तीच पहार. तो छापावा ही विनंती. जागा कमी पडली तर अपघाताच्या दोन ओळी गाळा, पण चिलीतली वर्षं गाळू नका.

आपली,
एक वाचक