झाड लावल्याचे नको, जगल्याचे पैसे द्या

संपादक महोदय,

सोसायटीची बाग, कारखान्याचे आवार, गच्चीवरची फुलझाडे यांना उत्तेजन म्हणून महापालिका दरवर्षी प्रदर्शने भरवतात, ढाली वाटतात. मुंबईत राणीच्या बागेत आणि पुण्यात संभाजी उद्यानात त्याला गर्दीही होते. त्याबद्दल तक्रार नाही. पण शहराची रचना आणि हिरवाई घडवण्याची पालिकेची खरी ताकद बांधकाम परवानगीच्या फायलीत आणि पथ विभागाच्या निविदेत आहे. तिथे पैसे कशाचे आणि कधी दिले जातात, त्यावर झाडाचे आयुष्य ठरते.

नियमांची वाण नाही. 2020च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. हरित इमारतीचे मानांकन मिळवल्यास श्रेणीप्रमाणे 3, 5 किंवा 7 टक्के जादा चटईक्षेत्र मिळते. पुण्यात सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात 5 ते 10 टक्के सूट आहे. मात्र मंजूर नकाशातली झाडे बहुतेक वेळा एकदाच पाहिली जातात, भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे इमारत वापरायला देण्याच्या परवान्याच्या वेळी. त्या आठवड्यात नर्सरीतून आणलेले काहीही हिरवेच दिसते.

सर्वांत मोठा घोळ पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या बागेत होतो. पार्किंगच्या स्लॅबवर हिरवळीला 20 ते 30 सेंटिमीटर माती पुरते, झुडपांना 45 ते 60 लागते आणि कांचन किंवा ताम्हणासारख्या लहान झाडालाही किमान एक मीटर हवी. भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला 1.8 ते 2 टन भरते. म्हणजे मीटरभर मातीचा भार स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ दोन टन. हे आरसीसी सल्लागाराला, म्हणजे स्लॅबची ताकद ठरवणाऱ्या अभियंत्याला, आधी सांगावे लागते. प्रत्यक्षात बागेचा नकाशा स्लॅब पडल्यावर येतो, मग 40 सेंटिमीटर मातीत जे तगेल ते लावायचे. म्हणून गावोगावच्या नव्या संकुलांत तेच पाम आणि तीच डुरांटाची कुंपणे दिसतात. थरांचा क्रमही चुकतो. जलरोधक लेप, त्यावर मुळे अडवणारा पत्रा, मग निचऱ्याचा थर, जिओटेक्स्टाइल कापड आणि शेवटी माती, असा तो हवा. कापड वगळले की बारीक माती खाली उतरून निचऱ्याची तोंडे बुजवते. पाणी साचते, मुळे कुजतात, खाली गाड्यांवर गळती सुरू होते. सोसायटी दोष झाडांना देते आणि ती काढून टाकते.

यावर उपाय परवानगीच्या टप्प्यावरच आहे. पोडियमचा छेद-नकाशा, त्यावर जागोजागी मातीची खोली आणि त्या भाराला आरसीसी सल्लागाराची सही, एवढे मागावे. जोते तपासणी होते, तशी माती पडण्यापूर्वी 48 तास पाणी साठवून गळतीची तपासणी व्हावी.

रस्त्यांबाबत पुणे महापालिकेने 2016 मध्ये स्वतःची रचना-मार्गदर्शिका केली. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, जुने वड त्यातच सामावले. चालायला किमान 1.8 मीटर मोकळी पट्टी आणि पदपथाची उंची जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर हे इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष आहेत. झाडासाठी त्याशिवाय मीटर-सव्वा मीटर लागतो. पदपथच दोन मीटरचा असेल तर दोन्ही बसत नाही. अशा ठिकाणी झाड पार्किंगच्या ओळीत, दर दोन गाड्यांआड घ्यावे. पदपथावर कोंबू नये.

बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीबाबत 2013 मध्ये दिला होता. तरी पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडतातच, आणि त्याचे कारण अज्ञान नाही. ठेकेदाराचे बिल फरसबंदीच्या चौरस मीटरवर निघते, आळे सोडले की बिल कमी होते. निविदेत 'आळे, प्रति नग' अशी स्वतंत्र बाब घाला, आळी आपोआप दिसू लागतील.

त्या बाबीत काय हवे तेही लिहून टाकावे. मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा. त्यातला राडारोडा बाहेर, चांगली माती आणि कुजलेले खत आत. रोप 6 ते 8 फुटांचे. पिशवी पूर्ण कापून काढलेली, कारण गोल फिरलेली मुळे पुढे खोडालाच आवळतात. मुळांचा गळा, म्हणजे खोड आणि मुळे जुळतात ती जागा, जमिनीच्या पातळीवर, त्यावर माती चढली की साल कुजते. दोन बाजूंना दोन बांबू आणि सैल सुतळी. लोखंडी जाळी खोडात रुतण्याआधी काढायची. फेब्रुवारी ते जून आठवड्यातून दोनदा, दर वेळी 20 लिटर पाणी. हा पाण्याचा खर्च लागवडीपेक्षा जास्त येतो आणि नेमका तोच निविदेत नसतो. उड्डाणपुलांच्या खांबांवरच्या उभ्या बागांचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिलेच आहे: ठिबकची तोंडे क्षाराने बुजली, कुंड्या तेवढ्या लटकत राहिल्या.

म्हणून देयकाची पद्धत बदलावी. लागवडीच्या वेळी 40 टक्के, उरलेले प्रत्येक उन्हाळ्यानंतर 20 टक्के, तेही जिवंत झाडे मोजून. बांधकाम व्यावसायिकांसाठी हीच रीत अनामतीने लावता येईल. झाड तोडण्याच्या परवानगीसोबत अनामत घेतली जाते, आणि 2021च्या दुरुस्तीनंतर भरपाईची झाडे सात वर्षे जगवण्याची जबाबदारीही राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात आली आहे. मंजूर नकाशातल्या नव्या झाडांनाच ही शिस्त का नसावी? तीन वर्षांच्या देखभालीएवढी रक्कम ठेवून घ्यावी आणि तीन हप्त्यांत परत करावी.

स्पर्धा चालू राहू देत. प्रवेशासाठी अट एकच ठेवावी: भोगवटा प्रमाणपत्राला तीन वर्षे झालेली असावीत. परीक्षकांनी मंजूर नकाशा हातात घेऊन मे महिन्यात जावे.

— एक उद्यानरचनाकार, पुणे